मुहूर्त आणि लघवीची गोळी

माझ्या हळदीच्या दिवशी मामा मांडवाच्या खांबाला टेकून बसले होते. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "माय, मला सगळं पिवळं पिवळंच दिसायलंय बघ."

दुसऱ्या कुठल्या नवरीला हे सांगितलं असतं तर ती लाजून हसली असती. पण मी पडले नर्स. धाराशिवला एका दवाखान्यात हृदयाच्या आणि छातीच्या पेशंटांच्या वॉर्डात मी काम करते. मामांना हृदयाची एक बारीकशी गोळी चालू आहे. ती अंगात जास्त साचली की जेवण जात नाही, मळमळतं आणि डोळ्यांना सगळं पिवळं दिसायला लागतं, हे परीक्षेत लिहून मी पास झालेली. मग काय, हळद लावणाऱ्या बायकांना बाजूला सारून मी पाटावरून उठले आणि मामांचं मनगट धरलं. मळमळतंय का, जेवलात का, दिव्याभोवती कडं दिसतं का, असे प्रश्नावर प्रश्न. मामा बिचारे कावरेबावरे झाले.

आई म्हणाली, "अगं येडे, मांडव पिवळा, साडी पिवळी, झेंडू पिवळा, तू तर नखशिखांत पिवळी. आणि त्यांच्या चष्म्याला कुणीतरी हळदीचा हात पुसलाय."

खरंच पुसला होता. सगळा मांडव हसून हसून लोळायचा बाकी होता. माझ्या मावशीला तर ठसकाच लागला. मी मात्र मामांची नाडी पूर्ण मिनिटभर मोजलीच. जरा जलद लागली, पण लग्नघरात त्या दिवशी कुणाची नाडी जागेवर होती? चष्मा पुसून मामांच्या डोळ्यांवर चढवला आणि मी परत पाटावर जाऊन बसले. सगळ्यांनी मला दिवसभर चिडवलं, आणि त्याचा भुर्दंड मला दुसऱ्या दिवशी पडला.

त्याआधी मामांबद्दल सांगायला पाहिजे. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. राहतात माकणीला, धरणाजवळ, शेती करतात. त्यांना मुलगी नाही, त्यामुळं त्यांच्या लेखी मी दोन्ही घरची मुलगी. नर्सिंगला होते तेव्हा सुट्टी लागली की पुस्तकं घेऊन माकणीला पळायचे. मला मोठ्यानं वाचल्याशिवाय लक्षात राहत नाही. ओट्यावर बसून मी औषधांचे धडे म्हणायचे आणि मामा बाजूला दोर वळत बसायचे. एखादी पोथी ऐकावी तसे ते ऐकायचे. मी अडले की, "हां, फुडं," म्हणायचे. हृदयाची बारीक गोळी देण्याआधी एक मिनिट नाडी मोजावी, साठच्या खाली असेल तर गोळी देऊ नये, डॉक्टरांना विचारावं. लघवीची गोळी सकाळी द्यावी, रात्री देऊ नये, पेशंटची झोपमोड होते. तोंडात ओढायच्या पंपानं हात थरथरतात, ठोके वाढतात. हे सगळं मामांनी माझ्याइतकंच ऐकलेलं.

आणि मी शिकून नोकरीला लागते न लागते तोच मामांचं हृदय मोठं झालंय असं निघालं. हृदय मोठं झालंय म्हटल्यावर मामी म्हणाल्या, ते तर पहिल्यापासूनच होतं. डॉक्टरांनी समजावलं की तसं नाही, पंपाचा जोर कमी पडतोय, पाणी अंगात साचतंय, गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील. मामांनी सगळं ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तुझ्या अक्षता पडूस्तोवर मला टिकव. मुलीच्या पाठीशी मामा उभा न्हाय, असं लगीन आपल्यात कधी झालं न्हाय. त्याच्या फुडचं फुडं बघू."

तेव्हापासून माझं लग्न हा माझ्या डोक्यात मामांच्या उपचाराचा भाग झाला होता. स्थळ बघायला पाहुणे आले तरी मी मनात हिशोब करायचे, तारीख कोणती धरली तर ऊन कमी असेल, मामांना कुठली गाडी सोयीची पडेल. नवऱ्या मुलाकडं मी खरं सांगायचं तर दुसऱ्यांदा भेटल्यावर नीट बघितलं.

लग्न कळंबला होतं, मुलाकडच्या गावात, मंगल कार्यालयात. मुलगा तिथल्याच एका शाळेत शिक्षक. आमची माणसं आमच्या गावाहून, येडशीहून, गाड्या करून सकाळीच पोचली. मला नवरीच्या खोलीत बसवलं, आणि केस विंचरणारी बाई माझ्या डोक्यात पिना खोचायला लागली. मामांकडून आलेली पिवळी साडी नेसून मी आरशासमोर बसले होते. बाहेर सनई, लेकरांचा गोंधळ, आचाऱ्यांची भांडी. मला इतकं हसू येत होतं की कुणी "पाणी दे" म्हटलं तरी मी खुदुखुदु हसायचे. असं का होतं कुणाला ठाऊक, लग्नाच्या दिवशी माणसाला कसलंही हसू येतं.

तेवढ्यात दाराबाहेर मामेभावाचा आवाज चढला. तो मामांसाठी आणलेल्या नव्या बुटांवरून दुकानदाराचा उद्धार करत होता. "नंबर बरोबर होता. दुकानात घालून चालून बघितलं होतं. आता चढंनात म्हणजे काय? जोड बदलून दिला त्यानं आपल्याला."

मामांचा आवाज आला, "जाऊ दे, माझ्या जुन्या चपला आण."

माझं हसू तिथंच थांबलं. केसांत अर्ध्या पिना तशाच ठेवून मी उठले. बूट लहान होत नसतात, पाय मोठे होतात. हे वॉर्डात रोज बघते मी. पेशंट म्हणतो चप्पल बदलली कुणीतरी.

दार उघडलं तर मामा खुर्चीत बसलेले, डोक्याला कोल्हापुरी फेटा, अंगात कडक इस्त्रीचा सदरा, आणि पायांत पांढरे मोजे. माकणीच्या माझ्या मामांनी जन्मात मोजे घातले नव्हते. मी खाली बसून मोजा काढला. त्याचा वळ घोट्याभोवती खोल उमटला होता. नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला, तर खळगा तसाच राहिला.

मावशी मागून म्हणाली, "झालं हिचं सुरू. आता पाय पण पिवळे दिसायले का?"

सगळ्या हसल्या. काल उगीच आरडाओरडा केल्याचं हे फळ. मी दातओठ खात म्हणाले, "हसा, हसा. मामी, काल रात्री मामा झोपले कसे?"

मामी म्हणाल्या, "झोपले कुठं? खुर्चीतच बसून होते. म्हणाले, आचाऱ्यावर ध्यान ठिवतो."

म्हणजे आडवं पडलं की दम लागत होता. मी मामांचं मनगट धरलं. कोपरापर्यंत हिरवा चुडा, हातावर मेंदी, आणि नाडी पळतीय कशी, टांग्याच्या घोड्यासारखी. मामांची बोटं थरथरत होती. मी विचारलं, "हे थरथरणं कशानं?"

"लेकीच्या लग्नाचा आनंद हाय."

"आनंदानं बोटं अशी थरथरत नाहीत, मामा."

ते फेटा सारखा करायला लागले. मी सरळ त्यांच्या सदऱ्याखालच्या कोपरीच्या, म्हणजे बंडीच्या, खिशात हात घातला. लोक बघत राहिले, नवरी मामाचा खिसा चाचपतीय म्हणून. खिशातून निघाला निळा पंप. दम्याच्या पेशंटांचा असतो तो. शेजारच्या भावकीतल्या काकांचा. त्यांना गुण आला म्हणून त्यांनी मायेनं मामांना दिलेला. आमच्याकडं चांगलं औषध एकटं खाण्याची पद्धत नाही, गुण आला की ते अख्ख्या गल्लीला मिळतं.

मी म्हणाले, "वावरात पाणी तुंबलंय. चर काढायची सोडून तुम्ही वारं घालत बसलाय. तुमचा दम फुफ्फुसाच्या नळ्यांचा नाही, पाण्याचा आहे. या पंपानं उलट ठोके पळायला लागले. लघवीची गोळी कुठंय?"

मामांनी एकदा बायकांकडं बघितलं, एकदा छताकडं. मग लेकरासारखे हळू बोलले, "माकणी सोडल्यापासून घेतली न्हाय."

"का?"

"गाडीत घंट्या-घंट्याला कुणाला थांबवू? आणि लग्नघरी संडास एक. दारात बायांची रांग. तिथं म्या दर खेपंला धोतर सावरत जाऊन उभं राहू का? तूच तर वाचत होतीस, झोपमोड होती तवा देऊ नये. झोपमोड नको तर लगीनमोड बरी का?"

आता यावर रागवावं की त्यांची पप्पी घ्यावी? मला दोन्ही करावंसं वाटलं. माझाच धडा, माझ्याच मामांनी, माझ्याच लग्नासाठी असा वळवून घेतला होता. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. पिना लावणारी बाई काजळाची डबी घेऊन माझ्या मागं फिरत होती.

आमच्या वॉर्डातले डॉक्टर आणि दोन मैत्रिणी लग्नाला आल्या होत्या, नटूनथटून. त्यांना आत बोलावलं. डॉक्टरांनी मामांच्या छातीला कान लावला, मागून ऐकलं, आणि बोलले ते सरळच बोलले. पाणी छातीत चढतंय. इंजेक्शन द्यावं लागेल, हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढावी लागेल, ऑक्सिजन लागेल, आत्ता, सरकारी दवाखान्यात. जवळच आहे, पण थांबून चालणार नाही.

मामा खुर्चीचे हात धरून बसले. "अक्षता पडल्याबिगर म्या हलणार न्हाय."

"तुम्ही गेला नाहीत तर मी उभी राहणार नाही," मी म्हणाले.

"मुहूर्त टळंल."

"टळू दे."

माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, दारात येऊन उभे होते. मामा आणि मी एकाच हट्टाची दोन माणसं, हे सगळ्या घराला माहीत. शेवटी डॉक्टर म्हणाले, "काका, आत्ता चला. इंजेक्शन लवकर काम करतं. लघवी झाली, दम उतरला, तर मी स्वतः तुम्हाला अर्ध्या तासासाठी इथं आणतो. नाही उतरला, तर नाही."

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "तुम्ही येईपर्यंत माझं लग्न लागत नाही. मग तर झालं?"

मग गेले. माझी एक मैत्रीण पैठणीचा पदर खोचून त्यांच्यासोबत गाडीत बसली.

आता प्रश्न मुहूर्ताचा. आमच्याकडं नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला जातो आणि वाजतगाजत मांडवात येतो, त्याला परण्या म्हणतात. परण्यात नवरदेवाचे मित्र इतके नाचतात की मुलीकडचे लोक घड्याळाकडं बघून बोटं मोडतात. अख्ख्या मराठवाड्यात आजवर एकाही मुलीकडच्यांनी "अजून नाचा" असा निरोप धाडला नसेल. मी धाडला. निरोप कसला, सरळ नवरदेवालाच फोन लावला. तो घोड्यावर होता, मागून बँडचा नुसता धडाका.

"थोडं हळू या," मी म्हणाले.

"किती हळू?"

"माझ्या मामांना लघवी होईपर्यंत."

पलीकडं नुसता बँड ऐकू आला. वाटलं, संपलं, आता हा माणूस घोड्यावरून उतरून घरी जाणार. मग तो म्हणाला, "बरं. झाली की सांगा." आणि मागं कुणाला तरी ओरडला, "घोडा बाजारातून घ्या, लांबून."

त्या क्षणी मला तो माणूस आवडला. लग्न ठरून इतके दिवस झाले होते, पण खरा होकार मी तेव्हा दिला.

इकडं आप्पांनी माइकवाल्याला सत्कार सुरू करायला सांगितलं. एरवी लग्नातले सत्कार म्हणजे मला वात. त्या दिवशी आप्पांनी दिसेल त्याला शाल आणि नारळ दिला. ज्यांचा सत्कार व्हायचा बाकी होता त्यांनी आधी झालेल्यांचा केला. कुणीतरी नवऱ्या मुलाच्या शाळेच्या शिपायांना धरून आणलं. एका पाहुण्यानं आशीर्वादाचं भाषण सुरू केलं ते शेतीच्या पाण्यावर गेलं आणि तिथंच राहिलं. मी मनात म्हटलं, बोला काका, बोला, तुमच्या तोंडात साखर पडो.

खोलीत आम्ही सगळ्या बायका फोनभोवती बसलो होतो. मेंदीच्या हातांनी मी फोन मांडीवर धरलेला. मावशीनं कोपऱ्यात तुळजापूरच्या आईला हात जोडले होते आणि मधूनच डोळा उघडून विचारायची, "झाली का?" मामी मामांच्या त्या नव्या बुटांची नाडी सोडायच्या आणि परत बांधायच्या. मघाशी हसणाऱ्या सगळ्यांची तोंडं आता एवढीशी झाली होती. मी त्यांना धीर देत होते, इंजेक्शन आहे, गोळीसारखं वाट बघायला लावत नाही, आणि स्वतः मात्र दर मिनिटाला फोनची रेंज बघत होते.

फोन वाजला. मैत्रीण म्हणाली, "झाली. चांगली झाली. परत लागलीय."

बायकांनी जो कल्ला केला तो मंडपापर्यंत गेला. मामी बूट छातीशी धरून रडायला लागल्या. माझा मामेभाऊ धावत माइकवाल्याकडं गेला आणि त्याच्या कानात काहीतरी बोलला. माइकवाला मुरलेला माणूस. त्यानं भाषणवाल्या काकांना थांबवलं, घसा खाकरला आणि जाहीर केलं, "आत्ताच एक आनंदाची बातमी हाती आली आहे. वधूच्या मामांना चांगला आराम पडला असून ते थोड्याच वेळात मंडपात येत आहेत. जोरदार टाळ्या." लोकांनी काय झालं ते न विचारता टाळ्या वाजवल्या. मी नवऱ्या मुलाला फोन केला आणि एकच शब्द बोलले, "या."

आता पुढचं सांगून टाकते, कुणाचा जीव टांगणीला नको. मामा त्याच दिवशी परत दवाखान्यात गेले, तिथं राहिले, बरे होऊन माकणीला आले. पंप काकांना परत केला. आता रोज सकाळी गोळी घेतात आणि मला कळंबला फोन करून म्हणतात, "झाली गं." माझ्या सासूबाई चहा गाळता गाळता विचारतात, "मामांची झाली का?" आणि मग आमच्या घरातला दिवस सुरू होतो.

पण त्या दिवशी स्टेजवर यातलं काहीच माहीत नव्हतं. गुरुजींनी माइकवर सांगितलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं," आणि दारातून मामा आले. पायांत जुन्या चपला, फेटा थोडा वाकडा, एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला माझी मैत्रीण. सुईची जागा पट्टीनं झाकलेली. मला घेऊन यायचं त्यांनी, पण मीच त्यांना धरून नेलं. अंतरपाट धरेपर्यंत त्यांना खुर्चीत बसवलं. मंगलाष्टका सुरू झाल्या तसे ते उठले, माझ्या मागं उभे राहिले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी तो हात वरच्या वर धरला आणि मनगटावर बोटं टेकली. समोरच्या भिंतीवर कार्यालयाचं मोठं घड्याळ होतं, सेकंदकाट्याचं. मंगलाष्टका काय म्हटल्या, कुणी म्हटल्या, मला विचारू नका. मी मोजत होते. "सावधान" आलं की अक्षता पडायच्या, आकडा चुकायचा, मी परत पहिल्यापासून सुरू करायचे. ठोके अजून जरा अडखळत होते, पण मघाशी पळत होते तसे पळत नव्हते. मला हसू आवरत नव्हतं. अंतरपाटाच्या पलीकडून नवरा मुलगा टाचा उंच करून बघत होता, मी कुठं बघतीय म्हणून.

शेवटचं मंगलाष्टक संपत आलं. मामा वाकले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "मोजलीस का पुरी मिनिटभर?"

"मोजली."

"साठच्या वर हाय?"

"हाय, मामा. चांगली वर हाय."

"मंग हरकत न्हाय," मामा म्हणाले. "घाल माळ."